आठ डिसेंबरची बस

डिम्प्ना टायननला ड्रमलारा गावातली निम्मी माणसं मूर्ख वाटत आणि उरलेली निम्मी महामूर्ख. या दुसऱ्या निम्म्यांत कोण मोडतं हे ओळखायची तिची कसोटी सोपी होती. आठ डिसेंबरला जो डब्लिनला जातो, तो.

आठ डिसेंबर म्हणजे निष्कलंक मारियेचा सण. चर्चमधली सकाळची मिस्सा उरकली न उरकली की सगळ्या रोसकॉमन परगण्यातल्या बायका ठेवणीतले कोट चढवून राजधानीकडे पळत. नाताळची खरेदी करायची, ग्राफ्टन स्ट्रीटचे दिवे बघायचे, पाय सुजेस्तोवर हिंडायचं आणि पिशव्यांच्या ढिगाऱ्यात डुलक्या घेत परत यायचं. डब्लिनकर त्या दिवशी या गावंढळांना पाठीमागून हसतात, हे डिम्प्नाला ठाऊक होतं. डब्लिनकरांची तिला पटणारी तेवढी एकच गोष्ट होती.

तिच्या रागाला कारणही तसंच होतं. गावच्या चौकात टायननांचं कापडदुकान होतं, बापाने काढलेलं आणि दोघी बहिणींनी लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता चालवलेलं. नाताळच्या तोंडावर डिम्प्ना दुकानाची काच सजवायची, दारात उभी राहायची, आणि गाव तिच्या नाकासमोरून बसमध्ये बसून निघून जायचं. तिच्या काचेत जो स्वेटर लागलेला असे, थेट तोच स्वेटर ही मंडळी डब्लिनच्या पिशवीतून घेऊन येत आणि वर चार दिवस मिरवत.

“दिवे कसले बघायचे?” ती म्हणे. “आमच्या घरात बटण दाबलं की दिवा लागतो. मला त्याचं नवल नाही.”

तिची धाकटी बहीण कार्मेल मागच्या गल्ल्यावर कापडाच्या घड्या घालत असे. ती काही बोलत नसे. बोलायचं काम त्या घरात एकीकडे होतं आणि ऐकायचं दुसरीकडे, आणि ही वाटणी बापाच्या वेळेपासून चालत आलेली होती.

पुढे दुकान बंद पडलं. बहिणी वरच्या मजल्यावर राहत होत्या त्या तशाच राहिल्या. खाली काचेत एका हाताचा एक पुतळा आणि धूळ एवढंच उरलं. डिम्प्नाची जीभ मात्र बंद पडली नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात गॉलवेच्या डोळ्यांच्या डॉक्टरने कार्मेलला सांगितलं, की तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. या नाताळापर्यंत बहुधा ठीक, पुढच्याचं काही सांगता येत नाही. परतीच्या वाटेवर कार्मेलने फक्त एवढंच विचारलं, की घरी दूध आहे ना. डिम्प्ना खिडकीबाहेर दगडी कुंपणं बघत राहिली. या बयेने आयुष्यात कधी काही मागितलं नाही, आणि एक गोष्ट जी तिला हवी होती, ते दिवे बघणं, ती तिला मिळू नये म्हणून दारात आपणच उभ्या होतो, हे तिला लख्ख कळत होतं. यंदा कार्मेलने ते दिवे बघायचे, आणि आपण तिच्या शेजारी उभं राहायचं, हे तिने तिथेच ठरवून टाकलं. बहिणीला मात्र तिने त्यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आता जायचं कसं? गाडी दोघींनाही चालवता येत नव्हती आणि आगगाडीचं स्टेशन गावापासून लांब. म्हणजे राहिली कॉन्सेप्टा फॅलनची बस. कॉन्सेप्टा केस कापायचं दुकान चालवायची, आणि तिच्या हातून सुटलेल्या बायका एकाच मेंढीच्या पोटच्या दिसायच्या असं डिम्प्नाचं मत होतं. जन्म आठ डिसेंबरचा, म्हणजे ‘कन्सेप्शन’च्या, निष्कलंक गर्भधारणेच्या सणाचा, म्हणून नाव कॉन्सेप्टा, आणि म्हणून मारियेचा सण आपल्याच वाढदिवसासाठी नेमलाय असा तिचा समज. आठ डिसेंबरची बस वर्षानुवर्षं तीच ठरवायची. यंदा तिने ते काम सुनेवर टाकलं होतं. सून हॉलंडची, नाव फेम्के.

इथे ड्रमलाऱ्याची एक रीत सांगायला हवी. तिथे कुणी काही देऊ केलं, तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा “तुम्ही एवढं म्हणताच आहात तर” असं म्हणून घ्यायचं. मग तो चहा असो, जमिनीचा तुकडा असो, नाहीतर नवरा. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा माणूस कंजूष. हे कुणी कुणाला शिकवत नाही. हॉलंडात तर नाहीच नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी फेम्के जिना चढून आली. उंच, लालबुंद गालांची, सायकलवरून आलेली.

“नमस्कार. मी फेम्के, कॉन्सेप्टाची सून. यंदा बसचं मी बघते. दोन जागा आहेत. तुम्ही आणि तुमची बहीण येणार का?”

“छे गं बाई,” डिम्प्ना म्हणाली. “आमचं काय काम डब्लिनला?”

“दिवे बघायला. शेजारी-शेजारीच्या जागा आहेत.”

“नको, नको. या वयात कुठे तडफडायचं! आणि दुकान कोण बघणार?”

फेम्केने वाकून जिन्याखालच्या बंद दाराकडे, मग डिम्प्नाकडे पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. “स्पष्ट सांगितलंत, छान झालं. इथे लोक फार वेळ घेतात.” आणि फोनमध्ये काहीतरी टिपून ती धाडधाड जिना उतरून गेली.

डिम्प्नाच्या ओठांवर तिसरं उत्तर तयार होतं. “आता तू मागेच लागलीस तर” इथपर्यंत ते आलंसुद्धा होतं. ती रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात ते असं, फक्त इथे कर्माने लांब स्कार्फ गुंडाळला होता आणि खाली सायकलची घंटी वाजवत ते निघून गेलं होतं.

“कोण होतं?” आतून कार्मेलने विचारलं.

“कुणी नाही. ती कॉन्सेप्टाची डच सून. समुद्राच्या पातळीखाली राहणारे लोक ते, त्यांच्याकडून आपण उंचीची काय अपेक्षा करायची?”

पण ती येईल परत, असं डिम्प्नाने स्वतःला बजावलं. घरी जाऊन सासूला सांगेल, सासू कपाळावर हात मारेल आणि हिला उलट्या पावली पाठवेल. या भरवशावर तिने सहलीची तयारी सुरू केली. मनातले मांडे खाताना तूप कोण हात आखडून वाढतो? कार्मेलने खिडकीशी बसायचं, डाव्या बाजूला, म्हणजे उन्हाची तिरीप डोळ्यांवर यायची नाही. सॅंडविच घरूनच न्यायची, हॅम आणि मोहरीची, कारण डब्लिनात सूप म्हणून जे देतात त्यात लोक हात धूत असावेत. थर्मासमध्ये चहा. आधी नदीकाठाने चालायचं, अंधार पडेपर्यंत कुठेतरी ऊबेला बसायचं, आणि दिवे लागले की मग ग्राफ्टन स्ट्रीट, वरच्या टोकाकडून खाली, म्हणजे उतार मिळेल. गर्दीत धक्के मारणाऱ्यांसाठी छत्री न्यायची, पाऊस असो वा नसो.

तिने कार्मेलचा हिरवा कोट कपाटातून काढला, झटकला, त्याची सैल झालेली गुंडी घट्ट केली.

“माझा कोट का बाहेर आलाय?” कार्मेल म्हणाली.

“कसर लागली असेल म्हणून बघितलं.”

“लागलीय का?”

“नाही. कसरीलाही काही आवडनिवड असते.”

दिवस जात राहिले. फेम्के सायकलवरून चौकातून रोज जायची, वर बघून हात हलवायची आणि पुढे निघून जायची. डिम्प्ना खिडकीतून तिच्या पाठीकडे बघत बोटं मोडायची. शेवटी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या फाटकापाशी तिने कॉन्सेप्टाला गाठलं. विचारायचं नव्हतंच. विचारणं तिच्या रक्तात नव्हतं. फक्त खडा टाकून बघायचा होता.

“काय गं कॉन्सेप्टा, बस यंदा निम्मी रिकामीच जाणार म्हणे?”

“रिकामी? अगं, गच्च भरली! माझी फेम्के म्हणजे वाघीण आहे. चार दिवसांत सगळं आटोपलंन. मी असते तर अजून एकेकीचं ‘नको गं, नको गं’ ऐकत बसले असते.”

“हो. फारच झटपट काम आहे तिचं.”

“तुझ्याकडे आली होती ना? म्हणत होती, टायननबाईंनी दोनदा नाही म्हटलं.”

“म्हटलं.”

“दोनदाच ना?” कॉन्सेप्टाचे डोळे चमकत होते. ती काही हॉलंडची नव्हती. दोन नकारांनंतर काय येतं हे तिला पुरतं माहीत होतं. “मी सांगितलं तिला, अगं, डिम्प्नाचं नाही म्हणजे नाहीच. तिच्या घरी बटण दाबलं की दिवा लागतो, तिला कसलं आलंय नवल!”

आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी प्रार्थनेची पुस्तकं तोंडापुढे धरली. डिम्प्ना म्हणाली, की तिला कॉन्सेप्टाच्या नव्या केशरचनेचं मात्र खरंच नवल वाटतंय, आणि तशीच ताठ मानेने घरी आली. पडलो तरी नाक वर.

वर कार्मेल बटाटे सोलत होती. हल्ली ती सुरीकडे न बघता अंगठ्याच्या अंदाजाने सोलायची.

“डिम्प्ना,” ती म्हणाली, “आठ तारखेला मी नाही. डब्लिनला जातेय. बसने.”

“कुणी सांगितलं तुला जायला?”

“सांगितलं नाही, विचारलं. त्या फेम्केने. औषधाच्या दुकानात भेटली. म्हणाली, तुमच्या बहिणीला नकोय, तुम्हाला यायचंय का. मी म्हटलं, येते.”

“किती वेळा विचारलं तिने?”

“एकदा.”

“आणि तू लगेच हो म्हणालीस? औषधाच्या दुकानात? चार लोकांसमोर?”

“मग काय रांगेत उभं राहून लाजत बसू?”

“अगं, लोक काय म्हणतील!”

“लोक म्हणतील कार्मेल टायनन डब्लिनला गेली.” कार्मेलने बटाटा पाण्यात टाकला. “मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, डिम्प्ना. विचारायचे ते तुला. आणि तू दोघींच्या वतीने नाक मुरडायचीस.”

“तुला दिसतं तरी कुठे नीट, एकटी जायला?” डिम्प्ना बोलून गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“दिसतंय तोवर जाते,” कार्मेल म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

डिम्प्ना आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली, कोटासकट. मला तुझ्याबरोबर यायचंय, असं उठून म्हणायला किती शब्द लागतात? पण ती उठली नाही. कार्मेल एकटी त्या गर्दीत उभी राहणार, कुणा परक्या बाईचा हात धरून वर बघणार, आणि आपण इथे पडद्याआडून रिकामा चौक बघणार, या विचाराने तिला रडू फुटलं. दुसऱ्या कुणाबद्दल काही वाईटसाईट बोलून बरं वाटेल म्हणून तिने प्रयत्न केला, पण त्या दिवशी तिला एकही नाव सुचेना.

भीड ही भिकेची बहीण. दुसऱ्या दिवशी डिम्प्नाने टोपी घातली आणि फेम्केचं घर गाठलं. फेम्केने कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला, डिम्प्नाने एक उचलल्यावर त्याचं झाकण घट्ट लावलं आणि डबा फडताळात ठेवून दिला. डिम्प्नाने ते एकुलतं एक बिस्किट डोळे भरून पाहिलं. या असल्या घरात तिला याचना करायची होती.

“मला बसमध्ये जागा हवीय,” ती म्हणाली. आयुष्यात इतकं उघडंबोडकं वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं.

“जागा नाही,” फेम्के म्हणाली. “भरली. तुम्ही नको म्हणालात ना? दोनदा.”

“अगं मुली, इथे नको म्हणजे नको नसतं.”

“मग काय असतं?”

“नको म्हणजे अजून एकदा विचार.”

फेम्केने यावर मनापासून विचार केला. “आणि कुणाला खरंच यायचं नसलं, तर तो काय म्हणतो?”

“तो म्हणतो, ‘बघू’.”

“अरे देवा!” फेम्के म्हणाली. “बघू म्हणणाऱ्या सहा जणांसाठी मी जागा राखून ठेवल्यात.”

डिम्प्नाच्या जिवात जीव आला. “मग ते येणार नाहीत. त्यांतली एक मला दे.”

“तसं कसं? मी शब्द दिलाय. ते आले नाहीत तर त्या वेळी बघू.” ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. “नाही, मी खरंच बघेन. तुम्ही सकाळी चौकात या.”

आठ तारखेला उजाडायच्या आत चौकात बस घरघरत उभी होती. कडाक्याची थंडी पडली होती. कार्मेल हिरवा कोट घालून आत बसली होती, खिडकीशी. शेजारची जागा कॉन्सेप्टाची. फेम्केनेच तशी व्यवस्था केली होती, म्हणजे डोळ्यांनी अधू बाईकडे कुणीतरी लक्ष देईल. डिम्प्ना फुटपाथवर उभी होती, हातात सॅंडविचची पिशवी. बहिणीला पोचवायला आलेय असं तिने तिघींना, त्यांनी न विचारताच, सांगून टाकलं होतं.

आणि ते सहाच्या सहा बघूवाले आले. एरवी डब्लिनला नाही म्हणायला त्यांना जमलं असतं, पण जागा राखून ठेवलीय हे कळल्यावर घरी बसणं त्यांच्या जिवावर आलं. डिम्प्नाने एकेकाला चढताना पाहिलं. त्यांतल्या दोघांना तर ग्राफ्टन स्ट्रीट आणि गोठा यांतला फरक दिवे लागल्याशिवाय कळला नसता.

“सॉरी,” फेम्के म्हणाली. “भरली.”

कॉन्सेप्टा दाराच्या पायरीवर उभी होती, डोक्यावर लाल टोपी, अंगावर नवा कोट. वाढदिवसाची मूर्ती. तिने अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात गळा काढला. “अगं बाई, डिम्प्ना! अशी थंडीत उभी काय राहतेस? माझ्या जागेवर बस ना! मी मेली दर वर्षीच बघते ते दिवे.”

असं म्हणायचंच असतं. दानशूर दिसायचं, समोरचीने दोनदा नको म्हणायचं, मग एक सुस्कारा सोडून आपण आपल्या जागेवर बसायचं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ द्यायची नाही एवढं सांभाळलं की झालं. ड्रमलाऱ्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. बसमधली सगळी डोकी डिम्प्नाच्या पहिल्या “छे गं”ची वाट बघत होती.

“बसते,” डिम्प्ना म्हणाली.

बसमध्ये कुणीतरी खोकलं आणि थांबलं.

“म्हणजे... तू...” कॉन्सेप्टा म्हणाली.

“तू इतकं मनापासून म्हणालीस, मला मोडवेना बाई.” आणि डिम्प्ना तिला कोपराने हलकेच बाजूला सारून पायरी चढली.

“छान!” फेम्के टाळी वाजवून म्हणाली. “प्रश्न सुटला. थॅंक यू, आई!” तिने दार लावायला सांगितलं. ड्रायव्हर एक माणूस जास्त घेणारा नव्हता, हे त्याने आधीच दोनदा बजावलं होतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलेली कॉन्सेप्टा लाल टोपीसकट मागे मागे जात छोटी झाली. निर्लज्ज, असं मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं. ते खरंच होतं. आपल्या गावात आपण आता वर्षभर तोंडी लावायला पुरणार, हे डिम्प्नाला कळत होतं, आणि ती सॅंडविचची पिशवी मांडीवर घेऊन राणीसारखी बसली.

कार्मेल मात्र हसली नाही. शॅनन नदी ओलांडेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

“आलीस ते ठीक,” ती मग म्हणाली. “पण एक सांगून ठेवते. तिथे पोचल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. हे भिकार, ते भडक, काही नाही. मला ते दिवे तुझ्या तोंडून बघायचे नाहीत. खूप वर्षं बघितले तसे.”

“बरं,” डिम्प्ना म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. नदीकाठच्या वाऱ्याबद्दल ती काही बोलली नाही, चहाच्या दुकानातल्या केकबद्दल बोलली नाही, बुटांत लुकलुकणारे दिवे घातलेल्या एका म्हाताऱ्याला तर तिने डोळे मिटून जाऊ दिलं. अंधार पडायला लागला तशा दोघी डिम्प्नाच्या बेताप्रमाणे ग्राफ्टन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला आल्या, आणि कोपऱ्यावरून वळल्या.

डिम्प्ना थबकली. डोक्यावर, पार खालच्या टोकापर्यंत, एकामागे एक दिव्यांची झुंबरं टांगलेली होती, घराएवढी. खाली माणसांचा पूर, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तो उजेड. सुंदर होतं. तिला त्याचा भयंकर राग आला. एवढं सगळं दर वर्षी इथे होत होतं, आणि आपण तिकडे दारात उभ्या राहून स्वेटर मोजत होतो.

कार्मेल शेजारी उभी होती. तिने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे, मग हनुवटी वर केली.

“लागले का गं?” ती म्हणाली.

डिम्प्ना तिच्याकडे वळली. त्या पहिल्या झुंबराच्या बरोब्बर खाली उभ्या होत्या.

“कार्मेल, तुला दिसत नाहीयेत?”

“पिवळं काहीतरी सांडल्यासारखं दिसतं. आकार नाही दिसत. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या आधीपासूनच तसं आहे. म्हटलं, हे मोठे असतील, कदाचित दिसतील.”

“मग बसमध्येच का नाही सांगितलंस? आलीस तरी कशाला?”

“त्यांच्या खाली उभं राहायचं होतं,” कार्मेल म्हणाली. माणसं दोघींना वळसा घालून जात होती. मग तिने डिम्प्नाचा दंड धरला. “सांग आता, काय आहे ते.”

“सुंदर आहे,” डिम्प्ना म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “फार सुंदर आहे. सोनेरी. स्वर्ग उतरल्यासारखं.”

“हे औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. मला यातून एक दिवा दिसत नाहीये.” कार्मेलने दंड हलवला. “माझी कीव करून बोलू नकोस, डिम्प्ना. तुझं तू बोल.”

डिम्प्नाने वर पाहिलं.

“पहिलं वाकडं टांगलंय,” ती म्हणाली. “डावीकडे झुकलंय, दारू पिऊन मिस्सेला आलेल्या माणसासारखं. सात पदर आहेत, खालच्या पदराचे तीन दिवे मेलेत आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. वरच्या टोकाला मुकुट केलाय. त्या मुकुटात एक कबूतर बसलंय, बूड शेकत. अख्ख्या रस्त्यात अक्कल असलेला प्राणी तो एकच.”

कार्मेलची मान बरोबर तिथे वळली, जिथे कबूतर होतं. “दुसरं?”

“दुसरं सरळ आहे, पण त्याला निळ्या माळा लावल्यात. निळ्या! आपल्याकडे ते पडद्याचं कापड होतं ना, जे सेलमध्येही कुणी उचललं नाही, तो निळा. त्याच्याखाली एक जोडपं मुके घेतंय, बघवत नाही. तिच्या हातातलं सॉसेज त्याच्या पाठीवर मोहरीचा ओघळ सोडतंय आणि त्या गाढवाला पत्ता नाही.”

कार्मेल हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग रस्त्यातली माणसं वळून बघतील अशी मोठ्याने. डिम्प्नाने इतक्या वर्षांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

“अजून,” ती म्हणाली. “सगळे सांग. शेवटपर्यंत.”

डिम्प्नाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने ते हातमोज्याने पुसलं, डब्लिनच्या वाऱ्याला एक शिवी हासडली, बहिणीचा हात आपल्या कोपरात घट्ट अडकवला आणि तिसऱ्या झुंबराला नावं ठेवायला सुरुवात केली.